पटाची तिसरी ओळ

लाकडाची फळी आणली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे वाक्य माझी बायको तेत्तिया दिवसातून एकदा तरी ऐकवते, म्हणून तिच्याआधी मीच म्हणून टाकतो. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तेत्तियसांनी, मागितलीसुद्धा फळीच होती. "व्हिबियस, एक फळी आण आणि तिच्यावर तीन ओळी मार. बास झालं," असं ते स्वच्छ शब्दांत म्हणाले होते. पण मी पडलो रोमन माणूस. रोमन माणसाकडे कुणी फळी मागितली की त्याच्या डोळ्यांपुढे संगमरवर उभा राहतो.

झालं होतं असं. ऑक्टोबरात, द्राक्षांच्या दिवसांत, सासरे आमच्या जिन्यात घसरले आणि त्यांच्या कमरेचं काहीतरी कायमचं बिनसलं. आम्ही राहतो आव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर, चौथ्या मजल्यावर. पायऱ्या चौऱ्याण्णव. वैद्य आला, त्याने कमरेवर कोबीच्या पानांचा लेप थापला, "आता यांनी खाली उतरणं विसरायचं," असं सांगितलं आणि स्वतः मात्र टणाटण उतरून गेला.

त्याआधी तीस वर्षं सासऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. दुपारी स्नानगृहातून आले की चौकातल्या खानावळीपुढच्या पायरीवर बसायचं आणि हर्मेरोसबरोबर बारा रेघांचा डाव मांडायचा. हर्मेरोस हा त्यांचा जुना दोस्त, आयुष्यभर भट्टीत पाव भाजलेला माणूस. त्या पायरीवर कुणीतरी कधीकाळी पट कोरून ठेवला होता. तीन ओळी, ओळीत बारा घरं, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या आणि तीन फासे. सगळ्या सोंगट्या तिन्ही ओळींतून फिरवून जो आधी बाहेर काढेल तो जिंकला. सांगायला एवढंसं वाटतं, पण एक डाव संपेस्तोवर खानावळीतली मसुरीची आमटी दोनदा शिजायची.

सासरे पडल्यावर हर्मेरोस रोज चौऱ्याण्णव पायऱ्या चढून येऊ लागला. दोघं जमिनीवर खडूने पट आखून खेळायचे. आता नोव्हेंबरातला दिवस तो केवढा? डाव अर्ध्यावर आला की अंधारून यायचं. दिव्याच्या उजेडात सासऱ्यांना फाशांवरचे ठिपके दिसत नाहीत आणि हर्मेरोसला आमचा जिना दिसत नाही. म्हणून राहिलेला डाव दुसऱ्या दिवसावर. सकाळी तेत्तिया झाडू घेऊन उठणार, आणि ती झाडून काढते तेव्हा खडूची रेघ आणि सोंगटी असा भेद करत नाही.

मग दुपारी सुरू.

"माझी काळी दुसऱ्या ओळीच्या टोकाला होती!"

"तुझी काळी पहिल्या ओळीत कुजत पडली होती, तेत्तियस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय."

"तुला डोळे आहेत? आयुष्यभर करपलेले पाव विकलेस तू!"

एके दिवशी हर्मेरोसच्या तोंडून 'चोर' हा शब्द निघाला. सासऱ्यांनी त्याला त्याच्या भट्टीत जाऊन बसायला सांगितलं. तो उठला, सोंगट्यांची पिशवी तिथेच टाकली आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आमटी परत जाऊ लागली, अंजिरं परत जाऊ लागली, आणि आठव्या दिवशी तर मधातलं चीजही परत आलं.

"अहो, बाबा अशाने जायचे," तेत्तिया मला जिन्यात गाठून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "त्यांना एक धड पट हवाय. सोंगट्या जिथल्या तिथे राहतील असा. सणाच्या आत आणा. पट आला की मी स्वतः जाऊन हर्मेरोसकाकांच्या पाया पडते, पण घेऊन येते."

सण म्हणजे डिसेंबरातला सॅटर्नचा. हातात पंधरा दिवस होते. फळी आणायला अर्धी सकाळ पुरली असती.

मी फळी आणायलाच निघालो होतो, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण आमच्या इमारतीतून बाहेर पडायचं तर तळमजल्यावरच्या आंप्लियाताच्या दुकानावरून जावं लागतं. ती उकडलेले हरभरे विकते आणि सल्ला वरून घालते.

"कुठे निघालात, भाऊ?"

"सासऱ्यांच्या पटासाठी फळी आणतोय."

"फळी?" तिने झारा खाली ठेवला. "सणाला? सासऱ्याला? अहो, तुम्ही सरकारी माणूस! धान्यखात्यातले! लोक काय म्हणतील, जावयाने म्हाताऱ्याला ढलपी दिली?"

मी धान्यखात्यात आहे हे खरं. ओस्तिया बंदरातून आलेली पोती कोरडी आहेत की ओली, हे पाटीवर लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. एकोणीस वर्षं मी 'कोरडी' असंच लिहीत आलोय. पण खात्याचं नाव निघालं की माणसाची मान जरा ताठ होतेच. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा फिरमस हरभरे घ्यायला आला. हा आमच्या चौकातल्या रक्षकदेवांच्या देवळाचा प्रमुख. देऊळ कसलं, कमरेएवढा ओटा आणि वर दोन मूर्ती, पण फिरमस चालतो असा, की जणू अख्खं जुपिटरचं मंदिर त्याच्या खांद्यावर आहे.

"संगमरवर घे," तो म्हणाला. "आणि खाली स्वतःचं नाव कोर. नाव नसलेली भेट म्हणजे रस्त्यात सापडलेली वस्तू."

इथे मला थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सगळं पाणी इथेच मुरलं. आमच्या शहरात नाव कोरल्याशिवाय कुणी काही देतच नाही. कारंजं बांधलं, नाव. बाकडं ठेवलं, नाव. आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, त्यांनी सार्वजनिक विहिरीला दोर दिला, आणि दोरावर कोरता येईना म्हणून शेजारच्या भिंतीवर कोरून घेतलं. मी रोज त्या भिंतीवरून कचेरीत जायचो. चव्वेचाळीस वर्षांचा झालो तरी या शहरातल्या एकाही दगडावर माझं नाव नव्हतं. ते मला इतकं लागत असेल याची कल्पना मलाच त्या दिवशी, हरभऱ्यांच्या वाफेत उभा असताना आली.

नदीकाठच्या संगमरवराच्या वखारीत ओनेसिमस नावाचा पाथरवट आहे. त्याने मला दोन हात लांब, एक हात रुंद असा पांढरा दगड दाखवला. आतून एक फिकट निळसर शीर गेली होती.

"ही शीर कसली?" मी विचारलं.

"शोभा आहे, साहेब. शिरेवाल्याला जास्त मागणी असते."

हल्लीच्या पद्धतीप्रमाणे पटावर चौकोनी घरं कोरत नाहीत. प्रत्येक घराच्या जागी एकेक अक्षर, ओळीत सहा-सहा अक्षरांचे दोन शब्द, असे तीन ओळींत सहा शब्द. खानावळीतल्या पटांवर 'ऊठ गाढवा, जागा दे' असलं काहीबाही असतं. मी चार दिवस कचेरीत बसून शब्द जुळवले. त्या चार दिवसांत पोती ओली आली की कोरडी, देव जाणे. अखेर जमलं. पहिली ओळ, 'उत्तम सासऱ्यास'. दुसरी, 'खेळणे, जगणे'. आणि तिसरी, 'व्हिबियसने बसवला'. आमच्या लिपीत सहाही शब्द बरोबर सहा अक्षरांचे होतात. माझं नाव सहा अक्षरांचं ठेवल्याबद्दल मी मनातल्या मनात वडिलांचे आभार मानले.

सणाला तीन दिवस उरले असताना दगड तयार झाला. अक्षरं इतकी सुरेख आली होती की मी तिसरी ओळ दोनदा वाचली. मग तो उचलायला गेलो आणि तो जागचा हलला नाही.

"गाडी करा," ओनेसिमस म्हणाला.

आता गाडी कशी करणार? दिवसा शहरात गाड्यांना बंदी. दिवसाचा दहावा तास उलटल्यावर, म्हणजे उन्हं कलल्यावर, गाडी आत येणार, तोवर ओनेसिमसची वखार बंद. हमालांकडे गेलो तर ते म्हणाले, आम्ही तेलाचे रांजण उचलणारे, दगड उचलणारे हमाल वेगळे. दगडाच्या हमालांकडे गेलो तर ते सणासाठी गावी गेले होते. दिवसा गाडी आणायची मुभा फक्त एकाच कामाला आहे, देवळाच्या बांधकामाला.

"मग देवळाचं बांधकाम म्हण," फिरमस सहज म्हणाला. "नगराधिकाऱ्याच्या कचेरीतून परवाना काढ. आपल्या चौकातल्या देवळाचं नाव घाल, मी हरकत घेणार नाही. शेजारधर्म आहे."

तो हे बोलताना हसत होता. त्या हसण्याकडे मी नीट पाहायला हवं होतं.

कचेरीतल्या कारकुनाने माझ्याकडे मान वर न करता पाहिलं. मी स्वतः कारकून आहे, त्यामुळे ही कला किती अवघड आहे ते मला माहीत आहे.

"दगड कशासाठी?"

खेळाचा पट असं सांगायची सोय नव्हती. सणाचे दिवस सोडले तर फाशांच्या खेळावर बंदी आहे. सगळं शहर खेळतं ते ठीक, पण परवानापाटीवर कोण लिहून देणार?

"देवळासाठी," मी म्हणालो.

"देवळाचा कुठला भाग?"

याचा मी विचार केला नव्हता. "पायरी."

"पायरीवर अक्षरं आहेत म्हणता?"

"भक्तिपर आहेत."

"वाचून दाखवा."

सासऱ्यांना मी गाळलं. "'खेळणे, जगणे.' पुढे माझं नाव."

"देवांनी खेळायचं?" आता मात्र त्याने मान वर केली.

"देव खेळतातच की, साहेब," मी म्हणालो. "आपल्याशीच खेळतात."

त्याला ते पटलं असावं, कारण त्याने सुस्कारा सोडून लिहून घेतलं. मग म्हणाला, "सात साक्षीदार आणा." मी बाहेर जाऊन पाच जमवले. सहावा मिळाला तेव्हा पहिला जेवायला गेला होता. सातवा एक मुलेटवाला निघाला, मुलेट म्हणजे आमच्याकडचा मासा, आणि त्याने मेणावर शिक्का मारताना एवढा वास सोडला की तो परवाना अजूनही फडताळात ठेवता येत नाही. दुपार कलली तेव्हा माझ्या हातात पाटी आली. "एक प्रत चौकातल्या पांढऱ्या भिंतीवर लागेल," कारकून म्हणाला. मला वाटलं, लागू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भर उजेडात मी बैलगाडीवर दगडाशेजारी बसून आमच्या चौकात शिरलो. चौकात माणसंच माणसं. देवळाच्या ओट्याला हार घातलेले. एक बासरीवाला गाल फुगवून उभा. आणि मधोमध, धुतलेला झगा डोक्यावरून घेतलेला फिरमस.

"आला! दाता आला!" तो ओरडला आणि बासरी सुरू झाली.

मी गाडीतून वाकून दबक्या आवाजात म्हणालो, "फिरमस, हा काय प्रकार? हा मामांचा, माझ्या सासऱ्यांचा, पट आहे. तुला माहीत आहे!"

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाच," तो तितक्याच दबक्या आवाजात म्हणाला. "चौकाच्या देवळाला पायरी. सात साक्षीदार. तुझाच शिक्का. जानेवारीत रक्षकदेवांचा उत्सव आहे, व्हिबियस, आणि माझ्या ओट्याला चार वर्षं पायरी नाही. देवांनीच तुला पाठवलं."

मी तिथेच आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. का, ते सांगताना मला अजूनही लाज वाटते. चार माणसांनी दगड उतरवून ओट्यापुढे बसवला, आंप्लियाताने तो ओल्या फडक्याने पुसला, आणि फिरमसने खड्या आवाजात शेवटची ओळ वाचली. "व्हिबियसने बसवला!" सगळ्या चौकाने टाळ्या वाजवल्या. विहिरीच्या दोरवाले गृहस्थ पुढे येऊन माझा हात धरून म्हणाले, "आपल्यासारख्या लोकांमुळेच हे शहर उभं आहे." आणि मी, मी मान तुकवून म्हणालो, "छे हो, त्यात काय एवढं."

मग मी वर पाहिलं.

चौथ्या मजल्याच्या खिडकीत तेत्तिया उभी होती. तिच्या शेजारी, उशांच्या आधाराने बसवलेले, सासरे होते. त्यांना अक्षरं दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण पांढरा दगड आणि त्याच्यावर पाय देऊन देवाला अगरू जाळायला चढलेला पहिला माणूस, एवढं त्यांना दिसलं असणार. ते हळूच मागे सरकले आणि खिडकीचं दार लागलं.

चौऱ्याण्णव पायऱ्या मी त्या दिवशी जितक्या सावकाश चढलो तितक्या कधी चढलो नाही.

"बाबांनी विचारलं, खाली कसली गडबड आहे," तेत्तिया म्हणाली. ती ओरडत नव्हती, हेच वाईट होतं. "मी म्हटलं, तुमचा पट आलाय. तर म्हणाले, मला खिडकीशी बसव. दोन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून उठायचं म्हणाले, अहो. मी एकटीने त्यांना बसवलं. आणि बघतात तर काय, तुम्ही खाली हार घालून घेताय."

"हार मला नव्हता, देवाला होता," मी म्हणालो. असल्या वेळी माझ्या तोंडून नेमकं असलंच काहीतरी निघतं.

ती आत गेली. आतून चमच्याचा आवाज आला, मग तिचा आवाज, "दोन घास, बाबा." मग वाडगा तसाच भरलेला बाहेर आला. मी जिन्यात उभा होतो. मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फिरमसचं दार ठोठावलं.

"देवाला दिलेलं परत?" त्याने डोळे विस्फारले. "माणूस आहेस की कोण? रक्षकदेव आमच्या दाराला लाथ मारतील."

"म्हातारा जेवत नाहीये, फिरमस."

फिरमस लबाड आहे पण दुष्ट नाही, हे मला कबूल करावं लागेल. सासऱ्यांनी त्याला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. त्याने दाढी खाजवत छताकडे पाहिलं.

"एकच वाट आहे," तो म्हणाला. "देवाला अखंड वस्तू लागते. शिंग मोडकं जनावर चालत नाही, तडा गेलेला दगड चालत नाही. पायरी समजा खंडित झाली, तर मीच म्हणेन, हा अपशकुन उचला आधी इथून. पण हे मी तुला सुचवलेलं नाही."

"नाही, नाही. कुठे सुचवलंस?"

मी धावत वखारीत जाऊन ओनेसिमसला छिन्नी-हातोड्यासकट घेऊन आलो. पायरी डुगडुगते आहे, बसवायला माणूस आणलाय, असं मी मोठ्याने चौकाला सांगितलं. सण दुसऱ्या दिवसावर आलेला, त्यामुळे चौकात गर्दी होतीच. खानावळीच्या दाराशी पाठमोरा हर्मेरोसही बसला होता.

"फक्त कोपरा," मी ओनेसिमसच्या कानात म्हणालो. "वरचा उजवा. तिथे काही कोरलेलं नाही. बोराएवढा टवका."

"डोळे मिटून करीन, साहेब."

तो खरंच डोळे मिटून करेल असं मला वाटलं नव्हतं. एकच टोला पडला. टवका उडाला नाही. काही क्षण काहीच झालं नाही, आणि मग त्या शोभेच्या निळ्या शिरेतून 'टक्' असा बारीक आवाज आला. दगडाला दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधोमध, पट्टी धरून आखल्यासारखी भेग गेली. खालचा तुकडा अलगद सुटून बाजूला पडला. त्याच्यावर माझं नाव होतं.

"शीर सांभाळावी लागते," ओनेसिमस म्हणाला.

"अपशकुन!" फिरमस झगा डोक्यावर ओढत ओरडला. त्याने ते काम उत्तम केलं. "खंडित दगड! उचला! सणाच्या आत उचला!"

लोक दोन-दोन पावलं मागे सरले. आदल्या दिवशी माझा हात धरणारे दोरवाले गृहस्थ तर भिंतीपर्यंत गेले. मी त्या तुकड्याकडे बघत उकिडवा बसलो होतो. खरं सांगतो, मला रडू येत होतं, आणि ते सासऱ्यांसाठी होतं असं म्हणायला मला आवडलं असतं.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी वाकलं. हर्मेरोस. त्याने मोठ्या तुकड्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि एकेक अक्षर बोटाने लावत वाचलं. "'उत्तम सासऱ्यास.' हे त्या तेत्तियससाठी?"

"हो, काका."

"आणि हे देवळात काय करत होतं?"

"मोठी गोष्ट आहे."

त्याने लहान तुकडाही वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवतो का तो?"

"नाही."

"हट्टी गाढव," हर्मेरोस म्हणाला. "माझी चूक होती. त्याची काळी दुसऱ्याच ओळीत होती. मला आधीच माहीत होतं." त्याने दगडाखाली हात घातले, चाळीस वर्षं पिठाची पोती उचललेले हात, आणि दोन ओळींचा तो पट खांद्यावर घेऊन जिन्याकडे निघाला. मी मागून आधार देत होतो, म्हणजे मुख्यतः धापा टाकत होतो.

वर गेल्यावर त्याने पट सासऱ्यांच्या खाटेपुढे ठेवला. सासरे भिंतीकडे तोंड करूनच होते.

"उठतोस का रे," हर्मेरोस म्हणाला, "का तुझ्याही सोंगट्या मीच हलवू?"

भिंतीकडूनच आवाज आला, "तू हलवल्यास तर मोजून हलव. चोरा."

तेत्तियाने ओढणी तोंडाला लावली आणि ती आत पळाली. दोघांनी पट चाचपला, आणि पहिला वाद लगेच सुरू झाला.

"तिसरी ओळ कुठाय?"

"तुटली."

"मग जायचं कुठून?"

"दोनच ओळींतून. इकडून शिरायचं, टोकाला वळायचं, तिकडून बाहेर काढायच्या."

"असा खेळ नसतो!"

"नसतो तर झोप भिंतीकडे तोंड करून."

फासे दगडावर खणखणले. मी आतापर्यंत पुष्कळ डाव पाहिलेत, पण असा नाही. फिरायला जागाच नव्हती, त्यामुळे सोंगट्या घटकाघटकाला एकमेकींच्या अंगावर येत होत्या, मारल्या जात होत्या, पुन्हा पहिल्यापासून निघत होत्या. दोघं म्हातारे ओरडत होते, आणि खिडकीतून ऊन अजून आत येत होतं तोच सासऱ्यांनी शेवटची सोंगटी बाहेर काढली. ऑक्टोबरनंतरचा हा पहिला पुरा झालेला डाव. त्यांनी तेत्तियाला हाक मारून आमटी मागितली. दुसरा डाव मांडून तोही दिवस मावळायच्या आत संपवला आणि हर्मेरोस उजेडात जिना उतरून गेला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, कारण तुम्हीही तो खेळ दोनच ओळींत खेळत असाल. सणात खानावळवाला वर आला, त्याने पाहिलं आणि खाली जाऊन पायरीवरच्या पटाची एक ओळ चुन्याने बुजवून टाकली. वसंतापर्यंत स्नानगृहात, घाटावर, आमच्या कचेरीत, सगळीकडे दोन ओळी. ऱ्हाइनकडे निघालेला एक शिपाई तर फळीवर पट आखून घेऊन गेला. फळीवर! कुणी म्हणतं ही ग्रीकांची युक्ती, कुणी म्हणतं सम्राटाच्या कुणा गुरूने शोधली. मी खरी हकीकत सांगायला लागलो की लोक म्हणतात, "असेल, असेल, तुझी पाळी आहे, फासे टाक."

नावाचं म्हणाल तर ते मिळालं. तो लहान तुकडा फिरमसने टाकून दिला होता. चौकामागच्या सार्वजनिक शौचकूपात दाराशी फरशी खचली, तेव्हा कुणीतरी तो नेमका तिथे नेऊन घातला, अक्षरं वर. सकाळी तिथे ओळीने बसलेली मंडळी मी आत शिरलो की आदराने मान हलवतात. 'व्हिबियसने बसवला.' आंप्लियाता म्हणते, गल्लीतला सर्वांत जास्त वाचला जाणारा दगड तोच आहे.

पण त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट सांगायची राहिली. पहिला डाव जिंकल्यावर, आमटी यायच्या आधी, सासरे पटावरून बोटं फिरवत होते. पांढऱ्या दगडावरची पांढरी अक्षरं डोळ्यांना दिसेनात म्हणून बोटांनीच वाचलं. 'उत्तम सासऱ्यास' हे त्यांनी मोठ्याने म्हटलं, आणि पुन्हा एकदा हळू. मग 'खेळणे, जगणे'. मग त्यांचं बोट खालच्या खडबडीत कडेवर येऊन थांबलं.

"जावईबापू, इथे खाली काय कोरलं होतं?"

हर्मेरोसने माझ्याकडे पाहिलं. तेत्तिया दारात वाडगा घेऊन उभी होती, तिनेही पाहिलं.

"काही नाही, मामा," मी म्हणालो. "नुसतीच घरं होती."

"मग तुटली ते बरंच झालं," सासरे म्हणाले, आणि फासे पुढे सरकवून त्यांनी मला खाटेवर बसायला जागा करून दिली.